धान्याच्या सॅलडला पाणी सुटतं, वरचा कोवळा पाला मरगळतो: नेमकं कुठे चुकतं?

प्रश्न असा आला आहे: "गुहागरजवळ आमचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे नाश्त्याला काहीतरी हलकं, सॅलडसारखं मागतात. मी कुकरमध्ये क्विनोआ शिजवला, काकडी-टोमॅटो घातले आणि घरी लावलेले मायक्रोग्रीन्स (आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं) वर टाकले. तासाभरात तळाशी पाणी साचलं, पाला मरगळला. पावसात तर ट्रेमध्ये पांढरी बुरशी धरते. क्विनोआ महागही पडतो. आपल्याकडच्या धान्याचं असं काही करता येईल का? पाहुणे सकाळी फिरायला निघताना डब्यात देता येईल का?"

ताई, तुम्ही चार गोष्टी विचारल्यात, पण दुखणं एकच आहे: ओल. धान्यातली ओल, काकडीतली ओल, पानावरची ओल. सॅलडच्या बहुतेक पाककृती कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेल्या असतात. तिकडे शिजलेलं धान्य ताटात पसरलं की दहा मिनिटांत सुटं होतं. आपल्याकडे जुलैत दोरीवरचा पंचा दोन दिवस वाळत नाही, तिथे भाताने काय करावं? मी वेंगुर्ल्याजवळ बारा वर्षं घरगुती खानावळ चालवते आणि गेली सहा वर्षं मागच्या पडवीत ट्रे लावून दोन-तीन हॉटेलांना कोवळा पाला देते. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं आधी नासवून मग शिकलेलं आहे.

क्विनोआशी माझं भांडण नाही. तो आपल्या चाकवताच्याच कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. त्याच्या दाण्यावर फेसाळणारा कडवट थर असतो, तो चोळून धुतला नाही तर घास कडू लागतो. चांगलं धान्य आहे. पण पुण्याहून सहा-सात तास गाडी हाकत आलेल्या माणसाला तुमच्या ओसरीवर क्विनोआ कशाला वाढायचा? तो त्याला घराखालच्या दुकानात मिळतो. त्याला लाल उकडा द्या.

उकडा तांदूळ सॅलडला का चालतो ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं होईल. साळ भिजवून, टरफलासकट उकडून, वाळवून मग कांडतात. उकडताना दाण्यातला स्टार्च टरफलाच्या आतच एकदा फुलतो आणि वाळताना घट्ट बसतो. म्हणून असा तांदूळ पुन्हा शिजवला तरी फुटत नाही, एकमेकांना चिकटत नाही. कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्वही त्या उकडण्यात थोडं दाण्यात मुरतं. उलट इंद्रायणी किंवा आंबेमोहोर यांचा चिकटपणा हाच त्यांचा गुण. वरण-भाताला स्वर्ग, सॅलडला मात्र गोळा. नेहमीचा साधा लाल तांदूळ चालेल, पण पहिल्यांदा करताना उकडाच घ्या, तो चुका पोटात घालतो.

आता तुमची पहिली चूक: कुकर. कुकरमध्ये पाणी मोजून घालतो आणि ते सगळं दाण्याला प्यायला लावतो. वर झाकणाखाली वाफ कोंडलेली. दाणा बाहेरून पिठूळ होतो, आतलं पाणी नंतर हळूहळू सोडतो. तुमच्या तळाशी साचलेलं अर्धं पाणी तिथलंच होतं. आमच्या सासूबाई कुकर आल्यावरही भात वेळूनच काढायच्या. मोठ्या टोपात भरपूर पाणी, त्यात तांदूळ, शिजत आला की पेज वेळून बाजूला. तेव्हा मला तो उगाच खटाटोप वाटायचा. सॅलडसाठी शोधून शोधून मी शेवटी त्यांच्याच टोपापाशी येऊन पोचले.

चार माणसांना एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, लाल उकडा धुऊन दोन तास भिजत घाला. टोपात आठ वाट्या पाणी खळखळ उकळू द्या, चमचाभर मीठ, मग भिजलेला तांदूळ. झाकण नको, मध्यम आच. पंचवीस मिनिटांनंतर दर दोन-तीन मिनिटांनी एक दाणा काढून दोन बोटांत दाबायचा. बाहेरून दबतो पण मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा टणक ठिपका लागतो, तोवर थांबा. तो ठिपका जेमतेम गेला की लगेच उतरवा. रोवळीखाली दुसरा टोप धरून सगळं तिच्यात ओता. रोवळी नसेल तर मोठी चाळण, पण बांबूची रोवळी बरी. ती थोडं पाणी स्वतः पिते आणि खालून वारा लागतो. रोवळी पाच मिनिटं तिरकी टेकवून ठेवा. खाली जमलेली पेज टाकू नका. चिमूटभर मीठ घालून तीच पाहुण्याला आधी वाटीभर द्या, वर लोणच्याची फोड. सॅलडपेक्षा तिचीच आठवण काढणारे पाहुणे मला भेटलेत.

मग परातीत स्वच्छ सुती कापड, त्यावर भात एका दाण्याच्या थराने पसरायचा आणि पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं. वर झाकण अजिबात नको, नाहीतर वाफ झाकणाला लागून परत भातावरच ठिबकते. गार पाण्याखाली धुऊन झटपट थंड करायचा मोह होतो, तोही टाळा. इथल्या हवेत तेच पाणी वाळवायला तास जातो. तयार झाला की नाही हे बघायला मूठभर भात हलका दाबून बोटं उघडा. दाणे सुटून ओघळले तर झालं. लाडू झाला तर अजून दहा मिनिटं. मग चमचाभर तेल बोटांनी चोळून ठेवा.

इथे एक गंभीर गोष्ट सांगते, कारण तुम्ही पैसे घेऊन लोकांना वाढता. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहतात, उकळीने ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात; तो भात नंतर कितीही गरम केला तरी ते विष पूर्ण जात नाही. उलट्या, पोट बिघडणं, सगळं त्यातून. म्हणून भात पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत एकतर वाढायचा किंवा पसरट, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये टाकायचा. फ्रिजमधला दुसऱ्या दिवशी संपवायचा, तिसऱ्या दिवशी नाही. आणि आपल्याकडे पावसात दिवे गेले की फ्रिजवर भरवसा ठेवू नये, हे तुम्हाला मी काय सांगणार!

फ्रिजमधून काढलेला भात कडक लागतो. थंडीत दाण्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो म्हणून. पाच मिनिटं वाफेवर ठेवून पुन्हा पसरून गार केला की मऊ होतो. हे एकदाच करायचं.

बाकीच्या धान्यांचं थोडक्यात सांगते. वरी चालते, पण ती पाण्याला फार हावरट. आधी कोरडीच परता, सुगंध आला की दीडपट-दुप्पट उकळतं पाणी, झाकण, मंद आच, आणि गॅस बंद केल्यावर काट्याने मोकळी करायची. जरा पाणी जास्त झालं की उपासाचा भात झालाच म्हणून समजा. नाचणीबद्दल सगळेच विचारतात, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे आता प्रत्येकाला पाठ आहे, आणि २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून पाहुणे नावाने मागतात. पण अख्खी शिजवलेली नाचणी सॅलडमध्ये मला स्वतःला आवडत नाही, ओल्या वाळूसारखी दाताखाली येते. मी ती कुरकुरीत करून वापरते: रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची आणि लोखंडी कढईत मंद भाजायची. हे काम मे महिन्यात पापड-कुरडयांबरोबरच उरकून बरणी भरून ठेवायची. पावसात मोड येतात, वाळणं होत नाही. सॅलड ताटात गेल्यावर वर चमचाभर भुरभुरवा.

कडधान्यात मूग. मोड आलेले मूग मी कच्चे घालत नाही, चाळणीत चार-पाच मिनिटं वाफ देऊनच घालते. लोकांना वाटतं मी जुन्या वळणाची आहे. पण मोड आणायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि मोड आपण मुळासकट, सालासकट खातो. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासच्या वर माणसं दगावली, आणि माग काढत काढत संशय येऊन ठेपला तो मेथीच्या मोडांवर. पाहुण्यांत गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर वाफ द्याच. आणि कडवे वाल सॅलडला नकोत. बिरड्याला ते शिजतात म्हणून चालतात. कच्चे वाल पोटाला बरे नाहीत. कच्चा राजमाही तसाच, त्याहून वाईट.

आता भाजी. टोमॅटो काढून टाका, निदान पावसात तरी. बियांभोवतीचा गर म्हणजे पाण्याची पिशवीच. तुमच्याकडे श्रावण-भाद्रपदात तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी, होत असेल. ते मधून चिरून बियांचा भाग चमच्याने खरवडा, बारीक फोडी करा, अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं. मग मुठीत घट्ट पिळा. एका मध्यम तवशातून मला अर्धी वाटी पाणी मिळतं. ते न पिळता घातलं तर कुठे जाईल याचा विचार करा! ते पाणी पेजेत जातं माझ्याकडे. कांदा घालायचा तर अलिबागचा पांढरा, गोडसर, डोळ्याला न झोंबणारा. पण तो उभा पातळ चिरून शेवटी. चैत्र-वैशाखात तर चैनच असते: ओले काजूगर, कैरीचा कीस, थोडी करवंदं. ओला काजूगर मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळून साल काढली की भातात बदामापेक्षा सरस लागतो. थंडीत पपनसाच्या पाकळ्या सोलून मोकळ्या करून घाला, पण शेवटच्या क्षणी.

आंबटाला लिंबू सगळेच घालतात. तुमच्याकडे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असेल, ते वापरा. दोन मोठे चमचे आगळ, एक चमचा काकवी किंवा किसलेला गूळ, दोन मोठे चमचे तेल, ठेचलेली हिरवी मिरची, जिऱ्याची भरड. झाकणाच्या बाटलीत घालून हलवा. आगळात मीठ असतंच, भाताच्या पाण्यातही घातलंय, तवशालाही लावलंय. म्हणून वेगळं मीठ चव बघितल्याशिवाय घालू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हे विसरले होते आणि ताटं जशीच्या तशी परत आली.

तेलाबद्दल एक बारीक मेख आहे. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. ताज्या, हवेच्या उबेतल्या सॅलडला आमच्याकडचं घाण्याचं खोबरेल उत्तम. फ्रिजमध्ये जाणार असेल किंवा डिसेंबरच्या सकाळी वाढायचं असेल तर दाण्यांवर पांढरे मेणचट कण दिसतात. पाहुण्यांना ते बुरशीसारखं वाटतं. तेव्हा शेंगदाण्याचं किंवा तिळाचं वापरा. नारळाचं दाट दूध आगळात मिसळून सोलकढीसारखं घट्ट ड्रेसिंगही होतं, चवीला या सगळ्यांत वर. पण ते केलं की तासाभरात संपवायचं. उन्हाळ्यात नारळाचं दूध किती पटकन नासतं ते तुम्ही जाणताच.

आणि आता तुमचा लाडका पाला.

मायक्रोग्रीन्स हा शब्द नवा आहे, वस्तू नाही. मुंबईच्या बाजारात मुळासकट बांधलेल्या इवल्याशा जुड्या मिळतात, ती समुद्रमेथी. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या जमिनीत गोड्या पाण्यावर वाढवलेली आणि आठ-दहा दिवसांतच उपटलेली. दोन-चार पानांची, मोठ्या मेथीपेक्षा कमी कडू. तेच हे. मी त्याला ताटातला तरवा म्हणते. भाताचा तरवा आपण उपटून लावतो, हा कापून खातो, एवढाच फरक. मोड आणि हा पाला यांत मात्र गोंधळ करू नका. मोड दोन दिवसांचे, अंधारातले, मुळासकट खायचे. हा पाला उजेडात वाढलेला, बीजपत्रं उघडलेली, मातीच्या वर कात्रीने कापलेला. मूळ आणि बी खालीच राहतं, म्हणून धोका कमी. शून्य नाही, कमी.

याच्या पौष्टिकतेचा फार गवगवा झालाय. २०१२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठ आणि तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २५ प्रकारचा असा पाला तपासला. लाल कोबीच्या रोपांत क जीवनसत्त्व सगळ्यांत जास्त निघालं, कोथिंबिरीच्या रोपांत कॅरोटिनॉइड्स ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं भरपूर. तिथून 'चाळीस पट पोषण' हे वाक्य सुटलं ते अजून फिरतंय. ते काही ठरावीक घटकांपुरतं, तेही वजनाला वजन लावून. आपण एका ताटात घालतो मूठभर, १५-२० ग्रॅम. पाहुण्याला चवीसाठी वाढा, औषध म्हणून विकू नका.

बी कुठलं? स्वयंपाकघरातलं. मोहरी, मेथी, मूग, अख्खे धणे, अळीव, आणि बाजारातून मुळा, लाल माठ. शेतीच्या दुकानातलं बी घ्यायचं तर बिनप्रक्रियेचं मागा; गुलाबी-निळ्या रंगाचं बी म्हणजे त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते पेरायला असतं, आठ दिवसांत खायला नाही. टोमॅटो, वांगं, मिरची यांची रोपं कोवळी दिसली तरी खाऊ नका, त्या कुळाच्या पाल्यात विषारी द्रव्यं असतात. अळीव भिजवू नका, त्याची बुळबुळीत खीर होते. ओल्या थरावर कोरडेच भुरभुरवा, ते आपलं पाणी आपण घेतं. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करून पेरा, आणि उन्हाळ्यात पेरूच नका, उगवणच धड होत नाही.

थराला मी कोकोपीट वापरते, आपल्या काथ्याचाच भुसा. नवी वीट आणली की दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात खार असू शकतो. समुद्राची वाळू तर आणूच नका. मध्ये मला स्वदेशीची हुक्की आली आणि मी पोफळीच्या विरीचे द्रोण करून त्यात पेरलं. जानेवारीत फोटो झकास आले. जुलैत पालाच काय, द्रोणालाच बुरशी आली. आता तळाला भोकं पाडलेली साधी प्लॅस्टिकची ताटं वापरते.

साधारण ३० सेंटिमीटर ताटाला मोहरी दोन छोटे चमचे, मेथी दोन मोठे चमचे, मूग पाव वाटी. बी एकावर एक चढलेलं दिसलं तर जास्त झालं. पावसाळ्यात हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाने कमी करा. तुमच्या बुरशीचं पहिलं कारण बहुधा हेच, दाटी. दुसरं कारण वरून शिंपडलेलं पाणी. उगवून आल्यावर वरून पाणी बंद. ताट दुसऱ्या पसरट भांड्यात ठेवून खालून बोटभर पाणी द्या, दहा मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. तिसरं कारण कोंडलेला वारा. पेरल्यावर पहिले दोन दिवस वर दुसरं ताट पालथं घालून अर्धा-एक किलो वजन ठेवतात, त्याने मुळं खाली घट्ट जातात. पावसात मी तेवढ्यातही दिवसातून दोनदा झाकण काढून वारा देते, आणि उघडल्यानंतर छोटा पंखा लांबून चालू ठेवते.

पण थांबा, ती बुरशीच होती का? मीही सुरुवातीला चांगली दोन ताटं उकिरड्यावर टाकली होती. मोहरी-मुळ्याच्या मुळांना तिसऱ्या दिवशी पांढरा मऊ लव फुटतो, अगदी कापसासारखा. ती मूळरोमं असतात. ओळखायची सोपी रीत: बारीक फवारा मारा. मूळरोमं भिजून मुळाला चिकटतात आणि दिसेनाशी होतात. बुरशी फवाऱ्याने जात नाही. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी एका बीवरून दुसऱ्या बीवर चढते, देठाच्या वर येते, आणि नाक जवळ नेलं की कोंदट वास येतो. तशी दिसली तर तेवढाच भाग काढून बाकीचं वाढू नका, ताटातलं सगळं टाका आणि ताट गरम पाणी-साबणाने धुऊन उन्हात ठेवा.

मोहरी आणि मुळा सहा ते आठ दिवसांत, मूग साधारण सातव्या दिवशी, मेथी आठ-दहा दिवसांत, लाल माठ बारा-चौदा दिवसांत कापायला येतो; धणे तीन आठवडे छळतात. कापायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद. सकाळी पानं कोरडी असताना धारदार कात्रीने थराच्या बोटभर वर कापा. धुऊन साठवू नका. डब्यात तळाला कोरडं सुती फडकं, त्यावर पाला, वर पुन्हा फडकं. असा फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो. धुवायचा तो वाढायच्या आधी, पिण्याच्या पाण्याने, आणि मग फडक्यात झुलवून कोरडा करायचा.

जुळवणी करताना आधी भात, मूग, पिळलेलं तवसं आणि थोडा खवलेला नारळ ड्रेसिंगमध्ये कालवून दहा मिनिटं मुरू द्या. चव आता बघा. मग ताटात वाढा, त्यावर कांदा, काजूगर, आणि सर्वांत वर पाला, सुटा, न कालवता. तुम्ही पाला भांड्यातच कालवला असणार. पानाच्या पृष्ठावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्यावरून घरंगळतं पण तेल त्यातून आत शिरतं, म्हणून तेल लागलेलं पान सगळ्यांत आधी मान टाकतं. मोहरीचा पाला झणझणीत, तो थोडा. मुगाचा गोडसर, तो सढळ हाताने. मेथी आणि आगळ एकत्र मला पटत नाहीत, कडू-आंबट-तुरट तिन्ही एकदम येतात. मेथी असेल तर कैरी किंवा लिंबू घ्या.

डब्याचं शेवटी ठेवलं, कारण त्यात मी स्वतः फजिती करून घेतलीय. एका जुलैत बावीस माणसांचा गट सकाळी सहाला निघणार होता. मी रात्री अकराला कोमट भातातच सगळं कालवलं, वर पाला पसरला, डबे बंद केले आणि झोपले. पहाटे एक डबा उघडला तर झाकणाला आतून थेंब लोंबत होते, पाला काळवंडून भाताला चिकटलेला, आणि एक आंबूस वास. बावीसही डबे खड्ड्यात रिकामे केले. त्या लोकांना घावणे आणि चटणी देऊन वाटेला लावलं. पीठ आयतं भिजवलेलं होतं म्हणून अब्रू वाचली.

तेव्हा डबा द्यायचा तर भात पहाटे करून पूर्ण गार झालेला, किंवा आदल्या रात्री वेळेत फ्रिजमध्ये गेलेला. ड्रेसिंग छोट्या बाटलीत वेगळं, पाला कागदाच्या पुडीत वेगळा, भाजलेली नाचणी तिसऱ्या पुडीत. नारळाचं दूध आणि खवलेला नारळ डब्यात नाही. त्याऐवजी भाजलेलं सुकं खोबरं. वेळणेश्वर-हेदवीचं करून लोक दुपारी दोनला जेवायला बसतात आणि डबा तोवर गाडीत तापतो. म्हणून बर्फाची पिशवी नसेल तर दोन तासांच्या आत खा, असं चिठ्ठीवर लिहून चिकटवा आणि तोंडानेही सांगा. चिठ्ठी कोणी वाचत नाही.